पायांवरची आंघोळ

मी मुळातच भित्री. लहानपणी नुसती पाल पडली तरी मिशनच्या आवारातल्या सगळ्या बायका गोळा होतील अशी किंचाळायचे. मोठेपणी किंचाळायची सोय राहिली नाही, म्हणून पोटात गोळा यायला लागला. शिरूरच्या आमच्या संस्थेत मी शिकवू लागले आणि तो गोळा कायमचाच मुक्कामाला आला.

संस्था म्हणजे घोड नदीच्या बाजूची एक लांबट कौलारू इमारत. टाकलेली, पोरकी, कुणाला नकोशी झालेली लेकरं तिथं वाढायची. त्यांना वाढवता वाढवताच नवऱ्यानं टाकलेल्या बायका, विधवा आणि शिकायच्या राहून गेलेल्या मुली बालसंगोपनाचा आणि समाजसेवेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करायच्या. शेवटी आमच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या प्रत्येकीला सही-शिक्क्याचा जाड कागद द्यायच्या. मलाही तोच मिळाला होता आणि त्याच कागदाच्या जोरावर मी आता इतरांना शिकवत होते.

कागद बरीच वर्षं चालला. मग सरकारनं स्वतःचे अभ्यासक्रम काढले आणि एका दिवाळीनंतर आम्हाला कळलं, की यापुढं बालगृहांत आणि सरकारी केंद्रांत नेमणूक मिळेल ती फक्त मान्यताप्राप्त संस्थेत शिकलेल्यांना. आमच्या संस्थेला मान्यता नव्हती. ती घ्यायची असते हेच आम्हाला ठाऊक नव्हतं, कारण तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मोठ्या बाईंनी पुण्याला खेटे घातले, साहेबलोकांसमोर तासन्‌तास बाकड्यावर बसल्या आणि एवढंच पदरात पाडून आल्या: यंदाच्या मुलींना एकदाच बाहेरून परीक्षेला बसता येईल. लेखी झाली की प्रात्यक्षिक. ते दौंडला, तिथल्या दवाखान्याच्या बाळंतिणींच्या खोलीत. नापास झालात तर विषय संपला.

दौंडचं नाव ऐकलं आणि एका मुलीच्या हातातली परात खाली पडली.

ती तळेगाव ढमढेऱ्याची. भाऊ आठवड्याच्या बाजारात भाजी विकायचा. सासर दौंडचं, नवरा इंजिनांच्या शेडमध्ये कामाला. पहिलं लेकरू सासरीच झालं. आंघोळ घालणारी सुईण एक दिवस आली नाही म्हणून हिनं स्वतः बाळाला आंघोळ घातली, आणि दुसऱ्या दिवशी बाळाचा जबडा आवळला, अंग धनुष्यासारखं वाकलं आणि ते गेलं. त्या दिवसापासून ही त्या घरात लेकरू खाणारी ठरली. तिला मारलं, कोंडलं, जेवायला घालेनात. एक दिवस ती नेसत्या लुगड्यानिशी माहेरी पळाली आणि भावानं तिला आमच्याकडं आणून सोडलं. भाऊ वाईट नव्हता, पण त्याच्या घरातही खाणारी तोंडं होती आणि वर लोकांची तोंडं होती. त्यानं सांगून ठेवलं होतं, की सरकारी नोकरीचा कागद हातात पडला तर ठीक, नाहीतर दाजी न्यायला तयार आहेत.

"बाई, तिथं परत गेले तर मी जित्ती न्हाई ऱ्हायाची," ती मला एकदा म्हणाली होती. रडत वगैरे नाही. आज डाळ शिजली नाही, असं सांगावं तशी.

कामाला ती वाघीण. खरूज झालेली पोरं धुवायची, हगवणीची दुपटी नदीवर न्यायची, तापल्या पोराजवळ बसून राहायची. पण कुणी कोवळं, नाळही न पडलेलं बाळ आणून दिलं की तिचं एकच वाक्य असायचं: "मी पाणी तापवते, बाई." आणि मग ती चुलीपाशी अशी गडप व्हायची, की बाळ न्हाऊन, गुंडाळून, झोपून जाईपर्यंत तिचं तोंड दिसायचं नाही. एकदा वर्गात मी धनुर्वाताबद्दल शिकवत होते. नाळ गवताच्या विळ्यानं कापली की त्यातून विष कसं भिनतं, त्यात आंघोळीचा काही दोष कसा नसतो, हे सांगत होते. ती मध्येच उठली. "पाणी तापवते," म्हणाली आणि गेली. भर दुपारी पाणी कुणाला हवं होतं? तिचं बाळंतपण कुणी केलं, नाळ कशानं कापली, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारायची गरज उरली नाही.

डोक्याला कळलं होतं तिच्या. हातांना कळलं नव्हतं.

आता प्रात्यक्षिकात नेमकं तेच होतं, नवजात बाळाची आंघोळ. आणि तीही सरकारी पद्धतीनं, म्हणजे टबात. बाळाची मान डाव्या मनगटावर, बगल बोटांत धरलेली, पाठ पाण्यात. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत म्हणजे बाईनं पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, बाळाला नडग्यांच्या खाचेत पालथं-उताणं करत न्हाऊ घालायचं. टब आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. मी एका ओळखीच्या नर्सकडून त्यांचं पुस्तक मागून आणलं, त्यातली चित्रं फळ्यावर काढली आणि टबाच्या जागी तांब्याचं घंगाळ मांडलं. बाळ म्हणून जुन्या धोतराची बाहुली शिवली आणि वजन यावं म्हणून तिच्यात ज्वारी भरली. रोज तिला न्हाऊ घातल्यावर व्हायचं तेच झालं. चार-पाच दिवसांत बाळाच्या पोटातून हिरवे कोंब बाहेर आले. मुली हसून हसून लोळल्या. तीही हसली. मग आम्ही ज्वारी काढून वाळू भरली.

वाळूच्या बाळाला ती इतकी सुरेख न्हाऊ घालायची, की पुस्तकातलं चित्र फिकं पडावं. मी पाहत राहायचे आणि माझ्या पोटातला गोळा मोठा होत जायचा. वाळूचं बाळ काही मरत नाही.

मोठ्या बाईंना मी विचारलं, दौंडऐवजी दुसरं ठिकाण मागता येईल का. त्या म्हणाल्या, "मागायला जाऊ आणि आहे तेही काढून घेतील." त्यांचंही खरंच होतं. सवलत म्हणून मिळालेल्या गोष्टीला खोड काढायची हिंमत आमच्यात नव्हती.

परीक्षेच्या दिवशी मुलींना घेऊन मी एस.टी.त बसले. ती खिडकीपाशी बसली होती, न्हावऱ्याच्या पुढं आल्यावर उठून आतल्या बाजूला आली. भीमा ओलांडली आणि तिनं पदर कपाळावरून नाकापर्यंत ओढला. दौंडमध्ये सारखे इंजिनांना डबे जोडण्या-सोडण्याचे आवाज असायचे. एकेक धडाका झाला की ती दचकायची आणि तिच्या दचकण्यानं मी दचकायचे. रस्त्यात खाकी चड्डी, काळं तोंड, हातात कंदील असा जो तो माणूस मला तिचा नवराच वाटायचा. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, म्हणून तर सगळेच वाटायचे. मनातल्या मनात माझी प्रार्थना चालू होती, पण शब्द जुळत नव्हते. देवा, देवा, एवढंच येत होतं.

परीक्षक बाई पुण्याहून आल्या होत्या. पांढरं पातळ, मनगटावर घड्याळ, आवाज कोरडा. वाईट नव्हत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटत नव्हतं. त्यांनी एकेकीला एकेक खाट नेमून दिली. खोलीच्या मधोमध स्टुलावर पांढऱ्या एनॅमलचा टब होता. आमच्या घंगाळाहून किती उथळ! पहिल्या मुलीनं कसंबसं निभावलं. दुसरीचं बाळ ओरडून निळं पडलं, पण तिनं धीर सोडला नाही. मग परीक्षक बाईंनी आमच्या ह्या मुलीकडं पाहिलं आणि कोपऱ्यातल्या खाटेकडं बोट केलं.

खाटेवर एक कोवळी बाळंतीण होती. पायथ्याशी जमिनीवर, शेगडीजवळ, एक म्हातारी बसलेली. म्हातारीनं मान वर केली.

ही तिची सासू, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. मुलीचा हात माझ्या दंडावर होता. तो असा आवळला गेला, की आठवडाभर वळ राहिले. खाटेवरची सासूची लेक पहिलटकरीण, म्हणून बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि म्हणून सासू तिथं. ह्यात जगावेगळं काहीच नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. हिला नणंद आहे, तिचं लग्न झालंय, हेही माहीत होतं. पण दोन आणि दोन चार कुणी केले नव्हते.

"आगं बया!" म्हातारी ताडकन उठली. "ही हितं कशी? ओ बाई, हिच्या हातात लेकरू देऊ नगा! माझा नातू खाल्लाय हिनं! न्हाऊ घालून मारलाय!"

पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं आपलं बाळ छातीशी घट्ट धरलं, ते मला अजून दिसतं.

परीक्षक बाईंनी कपाळाला आठी न घालता विचारलं, "हे खरं आहे?"

मुलीचे नुसते ओठ हलत होते. मग मी बोलले. माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटला. "बाळ धनुर्वातानं गेलं. नाळ विळ्यानं कापली होती. आंघोळीचा काही संबंध नाही. ही गेली दोन वर्षं आमच्याकडं लेकरं सांभाळते. मी हिची जामीन आहे."

"तुम्ही कोण?"

"मी यांची शिक्षिका."

"तुमचं शिक्षण?"

हाच प्रश्न कधीतरी येणार, या धास्तीनं मी महिनोन्‌महिने नीट झोपले नव्हते. "आमच्याच संस्थेचं," मी म्हणाले. "म्हणजे, मान्यता नसलेलं." मी खाटेची कड धरली.

परीक्षक बाई म्हणाल्या, "आईची संमती नसेल तर मी बाळ देऊ शकत नाही. आणि आंघोळीचं राहिलेलं दुसरं बाळ आज नाही." त्यांनी नियम सांगितला होता, पण माझ्या कानांना तो निकालच वाटला. मला तळेगावचा बाजार दिसला, भाजीमागं बसलेला भाऊ दिसला आणि त्याच्यासमोर उभा असलेला, मी कधी न पाहिलेला तो काळ्या तोंडाचा माणूस दिसला.

"द्या वयनीकडं."

बाळंतीण बोलली होती. आवाज अगदी बारीक.

"तुला याड लागलंय का?" म्हातारी वळली.

"आई, तवा मी घरातच हुते. इळा मीच आणून दिला हुता, गोठ्यातनं. तू मागितला म्हनून." ती बाळाकडं बघत बोलत होती, आईकडं नाही. "वयनी, घ्या त्याला."

म्हातारी खाली बसली. मुलगी पुढं गेली. तिनं बाळ उचललं तेव्हा मी डोळे मिटले, ते खोटं कशाला सांगू! उघडले तेव्हा ती टबाजवळ उभी होती. बाळ तिच्या मनगटावर नीट होतं, सगळं शिकवल्यासारखं, फक्त ती हलत नव्हती. टबातल्या पाण्याकडं बघत नुसती उभी. किती वेळ ते देव जाणे. बाळ कुरकुरायला लागलं. परीक्षक बाईंनी घड्याळाकडं पाहिलं.

आणि मग ती खाली बसली. शेगडीपाशी, फरशीवर, सासूच्या समोरच. लुगडं गुडघ्यापर्यंत ओढलं, पाय लांब केले, बाळाला नडग्यांवर पालथं घेतलं आणि शेजारच्या बादलीत कोपर बुडवून पाणी पाहिलं. सरकारी पद्धत, पुस्तकातली चित्रं, घंगाळ, वाळूचं बाळ सगळं गेलं. तिच्या आईनं तिला जसं न्हाऊ घातलं असेल तसं ती त्याला न्हाऊ घालत होती. एका हाताचा आडोसा बाळाच्या कपाळावर, दुसऱ्या हातानं धार. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं टब, टब! बाळाचं कुरकुरणं थांबलं. त्यानं जांभई दिली.

पुसून, गुंडाळून तिनं ते आईच्या कुशीत ठेवलं. मी श्वास सोडणार तेवढ्यात म्हातारी उठली.

"थांबा. हिचा हात लागलाय. आदी दिष्ट काढू द्या."

बटव्यातून तिनं मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या काढल्या. नातवासाठी घेऊनच बसली असणार. मुठीत धरून बाळावरून डोक्यापासून पायापर्यंत उतरवू लागली. "आल्यागेल्याची, घरच्या-दारच्याची, ह्या पांढऱ्या पायाच्या अवदसेची…" शेवटचं ती हिच्या तोंडाकडं बघून म्हणाली. मग मूठ शेगडीत टाकली.

आमच्याकडचं प्रत्येक पोर हे जाणतं. दृष्ट लागलेली असली तर मिरच्या जळतात, पण नाकाला झोंबत नाहीत, कुणाला ठसका लागत नाही. दृष्ट नसली तर सगळं घर खोकतं. मी ख्रिस्ती, त्यात शिक्षिका. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका म्हणून वर्गात तास घेणारी. पण शेगडीकडं पाहिलं आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. निखारे विझत आले होते. वर राखेचा थर. मिरच्या त्या राखेवर नुसत्या पडून राहिल्या. धूर नाही, वास नाही, काही नाही.

म्हातारीनं हिच्याकडं पाहिलं. ही भिंतीला टेकून उभी होती, ओल्या हातांनी, आणि शेगडीकडं अशी बघत होती, की जणू परीक्षा तिथंच चालली आहे. परीक्षक बाईंकडं तिचं लक्षही नव्हतं. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं, की ती सासूला भीत नव्हती. सासू म्हणते ते खरं असेल, याला ती भीत होती. दोन वर्षं, पाणी तापवत तापवत.

आता माझ्या प्रार्थनेचे शब्द एकदम जुळले. प्रभू, त्या मिरच्या पेटव. असली प्रार्थना आमच्या कुठल्या पाळकानं ऐकली असती तर मला देवळाबाहेर काढलं असतं.

एक मिरची कडेनं काळी झाली. मग तडतडली. मोहरीचा एक दाणा उडाला. आणि पहिला ठसका लागला तो म्हातारीलाच. तिनं पदर तोंडाला लावला, पण ठसका काही थांबेना. मग बाळंतीण, मग पलीकडच्या खाटेवरची बाई, मग मी. परीक्षक बाई रुमाल नाकाशी धरून दाराकडं पळाल्या. नर्स ओरडत आली, "कुणी केलं हे? बाळं गुदमरतील!" आणि शेगडी उचलून व्हरांड्यात घेऊन गेली. खिडक्या उघडल्या, सगळी खोली खोकत होती.

"आई," नणंद खोकता खोकता म्हणाली, "ठसका लागला गं."

म्हातारी खाली बसली. बसल्या जागी थोडी सरकली आणि तिनं पाय आखडून घेतले, एवढंच. वाट मोकळी झाली. ही तिच्यासमोरून बाहेर आली आणि व्हरांड्यातल्या खांबाला धरून ढसाढसा रडली. दोन वर्षांत मी तिला रडताना प्रथमच पाहत होते. मीही रडले. मला आनंद झाला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, कारण परीक्षक बाई माझ्याकडंच येत होत्या.

"तुमच्या विद्यार्थिनीनं टब वापरला नाही," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

"नाही, बाई."

"त्याचे गुण मी देऊ शकत नाही."

मी मान हलवली. त्या आणखी काही बोलतील असं वाटलं, पण त्यांच्या पुण्याच्या गाडीची वेळ झाली होती.

परतीच्या एस.टी.त ती खिडकीपाशी बसली. डोक्यावर पदर होता, तोंडावर नव्हता. मी मात्र निकालाच्या काळजीनं अर्धी झाले होते. आंघोळीचेच गुण गेले तर उरलं काय? भाऊ येईल, आणि मी त्याला काय सांगणार? मिरच्यांचा ठसका लागला होता, हे? सरकार तर ते विचारात घेणार नव्हतं.

निकाल यायला बरेच दिवस लागले. टपालवाला फाटकाशी दिसला की मी कोठीघरात जायचे. शेवटी मोठ्या बाईंनीच निकाल वाचला. ती उत्तीर्ण होती, जेमतेम. टबाचे गुण गेले होते, बाळ हाताळण्याचे पैकीच्या पैकी पडले होते. भावाला निरोप धाडला. त्या रात्री मला किती दिवसांनी झोप लागली. माझा स्वतःचा कागद तसाच होता, बिनमान्यतेचा, आणि सवलत संपली होती. पण ती भीती माझ्या एकटीची होती आणि सवयीची होती.

तिची नेमणूक व्हायच्या आधीची गोष्ट. एका सकाळी कुणीतरी एस.टी. स्टँडवर सापडलेलं बाळ आणून दिलं. पोत्यात गुंडाळलेलं, गार पडलेलं, नाळेला चिंधी बांधलेली. सवयीनं मी तिला शोधायला चुलीकडं पाहिलं. चुलीपाशी कुणी नव्हतं. मागं वळले तर ती न्हाणीच्या दाराशी पाट मांडून, लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून, पाय लांब करून बसली होती.

"द्या हिकडं त्याला," ती म्हणाली. "आन् बाई, तुमी जरा पाणी तापवा."